आमच्याकडचं रविवारचं स्काऊट-गाईड पथक : पावणेचार स्टार, आणि सव्वा कुठे कापला तेही सांगते

दर जूनला सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की रविवारी सकाळी पोरांना कुठे अडकवू, मग स्केटिंग, अबॅकस, बुद्धिबळ, ढोलपथक अशी यादी सुरू होते आणि तेवढ्यात कोणीतरी मला टॅग करतं, "तुझी दोघं त्या स्काऊटला जातात ना, कसंय ते?" दर वेळी तेच टाईप करून अंगठा दुखतो म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. पथकाचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि चालवणारी सगळी माणसं पदरमोड करून येणारी आहेत, त्यांना गूगलवर गाठून कोणी छळायला नको. दक्षिण पुण्यातलं, तळजईच्या बाजूचं, एका शाळेच्या मैदानावर भरणारं ओपन पथक, एवढं पुरे. लेक बारा वर्षांची, गाईडमध्ये आहे, धाकटा आठ वर्षांचा, कबमध्ये.

आधी हे ओपन पथक म्हणजे काय ते. आपल्यापैकी बहुतेकांनी स्काऊट बघितलं ते शाळेतलं, आठवड्यातून एकदा शेवटच्या तासाला मैदानावर ओळीत उभं राहायचं, प्रार्थना, झेंडागीत, दोन गाठी, आणि बाकी युनिफॉर्म फक्त 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला कपाटाबाहेर. ओपन पथकात कुठल्याही शाळेची मुलं येतात, इंग्लिश मीडियम, सेमी, महापालिकेची शाळा, सगळी एकाच रांगेत, आणि शाळेच्या वेळापत्रकाशी काही संबंध नाही. नोंदणी मात्र तीच, भारत स्काऊट्स आणि गाईड्सची, 7 नोव्हेंबर 1950 ला वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन झाली ती. तुमच्या भागात कुठलंही पथक बघाल तर ही नोंदणी आहे का ते आधी विचारा, पुढच्या सगळ्या परीक्षा आणि पुरस्कार त्यावर अवलंबून असतात.

वयाचं गणित साधं आहे, 5 ते 10 कब (मुली असतील तर बुलबुल), दहाच्या पुढे स्काऊट आणि गाईड, आणि कॉलेजच्या वयाला रोव्हर-रेंजर, ते पार पंचविशीपर्यंत. फी म्हणाल तर वर्षाची फी आमच्या इथल्या गणिताच्या क्लासच्या एका महिन्यात संपेल एवढी, कॅम्पचे पैसे वेगळे, तेही जेवणखाण, गाडी आणि जागेचं भाडं धरून जे काही येईल ते भागिले मुलं. हिशोबाचा कागद कॅम्पनंतर ग्रुपवर येतो, उरलेले पैसे परत येतात. एकदा तर इतकी किरकोळ रक्कम परत आली की नवरा म्हणाला यांना सांग चहा प्या त्याचा, पण नाही, परत म्हणजे परत.

आता मुद्द्याचं. हे पथक चांगलं का आहे याचं उत्तर माझ्या मते एकच आहे, पोरं चालवतात. बाकी गाठी, तंबू, शेकोटी हे सगळीकडेच असतं, यूट्यूबवर पण आहे. इथे सात-आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा एक संघनायक, वय तेरा-चौदा, आणि त्या संघाचं जे काही असेल ते, कोण आलं, कोण नाही आलं, कोणाचा स्कार्फ मळलाय, कोणाला गाठ येत नाही, कोण रुसून बसलंय, हे सगळं त्याने बघायचं. सर फक्त शिट्टी वाजवतात. तीन लहान आणि एक लांब शिट्टी वाजली की फक्त संघनायक धावत जातात, सर त्यांना काय करायचं ते सांगतात, ते परत येऊन आपापल्या संघाला सांगतात. सर अख्ख्या पथकासमोर उभं राहून भाषण करतायत असं मी क्वचितच बघितलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हे आळशी आहेत की काय. नंतर कळलं की मूळ पद्धतच ही आहे, स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला त्यात पण मुलांचे छोटे संघ करून प्रत्येकावर एक मोठा मुलगा नेमला होता. पद्धत पुस्तकात असते सगळ्यांच्याच, पाळतं कोण हा प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. गेल्या हिवाळ्यात पानशेतच्या बाजूला कॅम्प होता, पालकांना सोडायला परवानगी होती म्हणून आम्ही काही जण थांबलो होतो. एका संघाचा तंबू काही केल्या उभा राहीना. एक खुंटी मारली की दुसरी निघायची, मधला खांब तिरका, वारा सुटलेला, आणि आतून कोणीतरी ओरडतंय "सोडू नका, सोडू नका". आम्ही सगळे पालक नुसते चुळबुळ करतोय, एका मुलाचे बाबा राहवून उठले आणि दोरी धरायला गेले, तर सर लांबून म्हणाले, "दादा, या इकडे, चहा झालाय." बस. दादा परत आले, चहा घेतला, आणि तंबू पुन्हा पडला. मग त्यांच्यातलीच एक लहानखुरी मुलगी, बहुतेक त्याच वर्षी आलेली, ती म्हणाली की आपण खुंट्या सरळ मारतोय, तंबूच्या उलट्या बाजूला झुकवून मारायला पाहिजेत. संघनायिकेने तिच्याकडे बघितलं, म्हणाली "मार मग तूच", आणि झालं. तंबू शेवटपर्यंत जरा वाकडाच होता पण रात्री पडला नाही. सरांनी त्यावर एक शब्द काढला नाही, शाबासकी पण नाही. मला सर त्या दिवशी आवडले.

मानसभा नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे संघनायकांची बैठक, सर बसतात पण सल्ल्यापुरते. कॅम्पचा मेन्यू, उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं, निधीतून नवी दोरी घ्यायची की फुटबॉल, हे तिथे ठरतं. एकदा मुलांनी कॅम्पला तिन्ही त्रिकाळ मॅगी ठरवली होती आणि सरांनी ती मान्य केली, फक्त "चुलीवर तीस जणांची मॅगी एका वेळी कशी करणार ते लिहून आणा" म्हणाले. पुढच्या रविवारी मेन्यू पिठलं-भातावर आला. लेक घरी येऊन सांगत होती की मॅगीचा लगदा होतो म्हणून आम्हीच बदललं. घरी मी पिठलं केलं की नाक मुरडते ती गोष्ट वेगळी.

गाठींबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे कारण लोकांना वाटतं त्यात काय एवढं. रीफ नॉट बँडेजला वापरतात कारण ती सपाट बसते, टोचत नाही, पण तीच जर उलटी बांधली तर ग्रॅनी होते आणि सुटते, आणि आपण सगळे आयुष्यभर बुटाच्या नाड्यांना ग्रॅनीच बांधत आलोय हे मला बारा वर्षांच्या पोरीने सांगितलं. जाड आणि बारीक दोरी जोडायची तर शीट बेंड. माणसाला खड्ड्यातून किंवा पाण्यातून ओढायचं तर बोलाईन, कारण तिचा फास आवळत नाही. क्लोव्ह हिचने सुरुवात करून दोन बांबू काटकोनात बांधायचे त्याला स्क्वेअर लॅशिंग, आणि त्याच्यावर कॅम्पचं सगळं फर्निचर उभं राहतं, चपलांचा रॅक, ताटांचा रॅक, टॉवेल वाळत घालायचा स्टँड, एकही खिळा न मारता. यांना ते लोक गॅजेट म्हणतात. आमच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी कायम सैल व्हायची, सासूबाई दर आठ दिवसांनी ओरडायच्या, ती लेकीने एका दुपारी सोडून राउंड टर्न आणि दोन हाफ हिच मारून बांधली आणि नवऱ्याला सांगितलं हात लावू नका. ओल्या चादरींनी पण सरकलेली नाही. फक्त आता ती सोडता कोणालाच येत नाही, दिवाळीच्या साफसफाईला तिची वाट बघावी लागली.

मागकाढूचा खेळ तळजईवर होतो. एक संघ पुढे जातो आणि दगडांचे, काटक्यांचे बाण करत जातो, अर्ध्या तासाने दुसरा संघ त्या खुणांवरून शोधत येतो. फुली म्हणजे इकडे नको, आणि गोलात टिंब म्हणजे मी घरी गेलो, खेळ संपला. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलची कबर आहे, तिच्यावर हीच खूण कोरलेली आहे, हे पोरांना सांगितल्यावर त्या दिवशी तो शेवटचा गोल सगळ्यांनी फार मन लावून काढला होता म्हणे. पण आपली टेकडी म्हणजे सकाळी लक्ष्मी रोड असतो. एकदा वॉकला आलेल्या एका आजींनी वाटेतले सगळे दगड कोणाला ठेच लागू नये म्हणून नीट बाजूला रचून ठेवले आणि मागचा अख्खा संघ दुसऱ्याच बाजूला उतरला. रोव्हर दादा मागे होता म्हणून काळजी नव्हती, पण पोरं आजींवर इतकी चिडली की शेवटी सरांना सांगावं लागलं, त्यांचं आजचं सत्कृत्य झालं, तुमचं बाकी आहे (स्काऊटने रोज एक तरी करायचं असतं).

धाकट्याच्या कबबद्दल कमी लिहिते कारण तिथे अजून खेळच जास्त आहे आणि तसाच असायला पाहिजे. किपलिंगच्या ज्या मोगलीच्या, जंगल बुकच्या गोष्टींवरून कबचा सगळा खेळ बेतलाय ते जंगल म्हणजे आपल्या नागपूरच्या पलीकडे जबलपूरच्या रस्त्याला लागणारं सिवनी, तिथली अकेला, बल्लू, बघीरा ही सगळी मंडळी इथे ताई-दादांची नावं म्हणून वावरतात. गोल करून उकिडवं बसायचं आणि सगळ्यांनी एकदम लांडग्यासारखं ओरडायचं त्याला ग्रँड हाऊल म्हणतात, घरी रविवारी सकाळी सहाला त्याची प्रॅक्टिस होते, खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा विचारलंय सगळं ठीक आहे ना. शू लेस बांधता येणं, स्वतःचा डबा स्वतः धुणं, रस्ता ओलांडणं, घरचा पत्ता आणि फोन पाठ असणं अशा गोष्टींवर कबच्या ताई जोर देतात. त्याच्या वयाला याच्यापेक्षा जास्त मला काही नकोय.

कॅम्पचं जेवण हा वेगळा विषय आहे. बिनभांड्यांचा स्वयंपाक म्हणून एक प्रकार असतो, निखाऱ्यात बटाटे, रताळी, वांगं भाजून जागेवर भरीत, आणि काठीला कणीक गुंडाळून भाजायची. ती काठीवरची कणीक बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची अशीच निघते, कोणत्याही कॅम्पला, कोणत्याही संघाची, मी खाऊन बघितलीये, खाऊ नका. भरीत मात्र सुरेख. शेवटच्या रात्री शेकोटी असते, पालकांना बोलावतात, नाटुकली होतात, त्यातली निम्मी तीच ती, डॉक्टर आणि पेशंटचं एक आणि बंद पडलेल्या गाडीचं एक, हे आमच्या काळी पण होतं आणि विनोद पण तेच होते. तरी हसू येतं. गाणी म्हणताना मात्र मोठी पोरं लहानांना मध्ये घेऊन बसतात, कोणी सांगत नाही त्यांना.

आता कापलेले स्टार. पहिला अर्धा खरी कमाईसाठी. मूळ कल्पना झकास आहे, मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायचे, कोणाची गाडी धुवा, कोणाच्या कुंड्या रंगवा, कोणाची रद्दी खाली नेऊन द्या, आणि ते पैसे पथकाच्या निधीत. ब्रिटनमध्ये 1949 पासून बॉब-अ-जॉब वीक म्हणून असंच चालायचं. पण आपल्याकडे जवळपास सगळीकडे त्याचा स्टॉल झालाय. भेळेचे कुरमुरे आई आणणार, चटणी आजी करणार, बाबा मोठं पातेलं उचलणार, आणि पोरगं टोपी घालून गल्ल्यावर बसणार, आणि गिऱ्हाईक कोण तर दुसऱ्या पोराचे आईबाबा. म्हणजे माझ्या खिशातले पैसे तुमच्या खिशातून फिरून निधीत. आमच्या पथकात पण गेल्या वर्षी हेच झालं, आणि मॅगीसाठी लिहून आणा म्हणणारे सर इथे मात्र गप्प बसले कारण पालकांनी फार उत्साहाने घेतलं होतं. त्यातल्या त्यात एक संघ शहाणा निघाला, त्यांनी स्टॉल घेतलाच नाही, सोसायट्यांमध्ये फिरून सायकली धुतल्या. कमाई सगळ्यात कमी झाली आणि बक्षीस भेळवाल्यांना मिळालं. हे मला अजिबात पटलं नाही आणि मी मीटिंगमध्ये बोलले पण, या वर्षी पालकांनी सामानाला हात लावायचा नाही असं ठरलंय, बघू.

दुसरा अर्धा राज्य पुरस्कारासाठी. पायऱ्या अशा असतात, प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला काही महिने द्यावेच लागतात, उड्या मारता येत नाहीत, ते चांगलंच आहे. तृतीय सोपानपर्यंत आमच्या पथकात मुलं खरोखर करून दाखवतात. पण राज्य पुरस्काराचं वर्ष आलं की एकदम वातावरण बदलतं, लॉगबुक, फाईल, फोटो, चार्ट, सजावट, आणि तीच मुलं जी चूल पेटवत होती ती आता रात्री अकरापर्यंत जुन्या मुलांच्या वह्या समोर ठेवून उतरवत बसतात. काही पालक लॉगबुक पैसे देऊन लिहून घेतात हे मी ऐकलेलं नाही, बघितलंय. सर म्हणतात तपासणीला वही बघतात, काय करणार. अर्धा स्टार गेला. त्यातून काही पालकांच्या डोक्यात रेल्वे असते, कारण रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडचा कोटा असतो आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा वुड बॅज (पथक चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा) लागतो. नोकरीचा विचार करणं चूक नाही, पण त्यासाठी नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, काही वर्षं सलग सक्रिय असल्याचं आणि मोठ्या मेळाव्यांना गेल्याचं पण बघतात, त्यामुळे दहावीला आणून घातलं आणि बारावीला कोटा असं होत नाही. प्रवेशाच्या दिवशी सरांना पहिलाच प्रश्न "सर्टिफिकेट कधी?" असा विचारणारे आईबाबा मी बघितलेत, सर त्यांना शांतपणे चहा देतात.

उरलेला पाव स्टार मैदानासाठी. शाळेने जागा फुकट दिलीये त्याबद्दल आभारच आहेत, पण रविवारी स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्लीवाले काका कधी असतात कधी नसतात. मुलग्यांचं भागतं, मुलींचं नाही. बोर्डाच्या परीक्षांच्या काळात मैदानच मिळत नाही. आणि निरोप, बापरे, निरोप शनिवारी रात्री साडेदहाला येतात, उद्या येताना एक मीटर दोरी, जुना टी-शर्ट आणि दोन लिंबं. रात्री साडेदहाला दोरी कुठून आणू. आता मी डिकीत कायमची ठेवलीये, पण लिंबांचं काय.

मुलींचं थोडं वेगळं लिहिते कारण मुली असलेले पालक हेच विचारतात. नियमाप्रमाणे गाईडची तुकडी वेगळी असते, तिची कॅप्टन बाईच असावी लागते आणि कॅम्पला बाई सोबत नसेल तर मुली जात नाहीत. नियम योग्यच आहे. पण रविवार सकाळ पदरचे पैसे घालून देणारी बाई सापडणं हे फार अवघड आहे, रविवारी घरी सगळ्यांना पोहे लागतात आणि ते तिनेच करायचे असतात. मधे आमच्या ताईंची बदली झाली तेव्हा गाईडचं काम काही महिने नुसतं खेळावर आलं होतं. आताच्या ताई बँकेत नोकरी करतात, बेसिक कोर्स केलाय, ॲडव्हान्सला जायचंय, आणि मुली त्यांच्यावर जीव टाकतात. पालकांमधून दोन आया मदतीला जातो, मी एक, आणि आमचं मुख्य काम गप्प बसणं आहे. सोपं नाही ते.

पुण्यातल्या गाईडना एक भाग्य आहे जे बाकी कुठे नाही, संगम. आळंदी रोडला, येरवड्याच्या बाजूला, 1966 साली सुरू झालेलं गर्ल गाईड्सचं जागतिक केंद्र, अशी जगात फक्त पाच आहेत आणि त्यातलं एक आपल्या इथे, आणि विचारून बघा, निम्म्या पुण्याला माहीत नाही. उद्घाटनाला स्वतः लेडी बेडन-पॉवेल आल्या होत्या. जगभरातल्या मुली तिथे येऊन राहतात. 22 फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल आणि त्यांच्या बायकोचा, दोघांचाही वाढदिवस, तो चिंतन दिन म्हणून साजरा करतात, त्याच्या आसपास आमच्या मुली आधी परवानगी काढून तिथे गेल्या होत्या. लेकीने एका परदेशी मुलीला डाव्या हाताने शेकहँड केला, ती स्काऊट-गाईडची पद्धत आहे, आणि त्यावर दोघींना इतका आनंद झाला की पुढे इंग्रजी अडलं तरी काही बिघडलं नाही. पुरणपोळी कशी खायची ते समजावत होती म्हणे, तुपात की दुधात यावर मुलींमध्येच भांडण लागलं.

इतिहासाची आवड असेल तर एक गंमत, देशात स्काऊट 1909 ला बंगळुरूला सुरू झालं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जी पहिली पथकं नोंदली गेली त्यात आपली खडकी आणि लोणावळा दोन्ही आहेत. पण ती गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी, आपल्या पोरांना प्रवेश नव्हता. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू वगैरे मंडळींनी अलाहाबादकडे आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. आज मैदानावर कोणाचं आडनाव काय हे कोणाला माहीत पण नसतं, हाका संघाच्या नावाने मारतात, मुलग्यांचे वाघ, गरुड, मुलींचे मोगरा, कमळ. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा गरुडचा संघनायक आहे आणि आमच्या सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा त्याच्या हाताखाली. चेअरमन साहेबांना पचायला वेळ लागला, मुलाला नाही.

सेवेचं काम दिखाऊ नाही हे पण लिहिते. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, मोठी मुलं रोव्हरांबरोबर पाणी वाटायला आणि मलमपट्टीला असतात, पायाला फोड आलेला वारकरी समोर बसला की प्रथमोपचाराचा धडा आपोआप पाठ होतो. विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करतात. फोटो काढतात पण दोनच, आणि बॅनर नाही. स्काऊटच्या नियमांत एक नियम सार्वजनिक मालमत्ता जपायचा पण आहे, त्याचा परिणाम म्हणून लेक पीएमपीच्या बसमध्ये सीट फाडणाऱ्या एका कॉलेजच्या पोराला बोलली, मला जरा भीती वाटली, पण बोलली.

आता तुलना. तेवढ्याच वयाच्या मुलांसाठी उन्हाळ्यात जे ॲडव्हेंचर कॅम्प असतात, झिपलाईन, राफ्टिंग, बुफे जेवण, ते वेगळे आणि चांगलेच असतात, आम्ही पण एकाला पाठवलंय. तिथे मुलाला सगळं करून मिळतं, हार्नेस कोणीतरी घालून देतं, फोटो मेलवर येतात. पथकात झिपलाईन नाही, असलाच तर दोरीचा मंकी ब्रिज, आणि तो पोरांनीच बांधलेला. तुमच्या मुलाला दर रविवारी काहीतरी थरारक पाहिजे असेल तर इथे कंटाळेल, काही रविवार नुसते कवायत, बी. पी. सिक्स म्हणजे बेडन-पॉवेलचे सहा व्यायाम आणि मैदान झाडणं यातच जातात. फार लाजाळू मूल असेल तर मात्र जरूर आणा, कारण इथे वर्षभरात कधी ना कधी त्याच्यावर काहीतरी सोपवलं जातंच, आणि संघात लपायला जागा नसते. आणि तुम्हाला स्वतःला मुलाची बॅग भरून द्यायची सवय असेल तर तुमच्यासाठी अवघड आहे, आमच्या इथे कॅम्पला निघताना सर आयांना बॅग उचलू देत नाहीत.

पथक निवडायला कुठे जाल तर एक रविवार नुसते लांब उभे राहून बघा, शिट्टीनंतर कोण बोलतंय, सर की पोरं. सर प्रशिक्षण घेतलेले आहेत का ते पण विचारा, लपवण्यासारखं काही नसतं त्यात, आमच्या सरांच्या गळ्यात हिमालय वुड बॅजचे दोन लाकडी मणी असतात आणि पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रातले किस्से विचारलं तर तासभर सांगतात. कॅम्पच्या आधी लेखी संमतीपत्र, औषधांची माहिती आणि जवळच्या दवाखान्याचं नाव मागत नसतील तर पाठवू नका. आमच्याकडे हे सगळं होतं, पाण्यात उतरायला तर पूर्ण बंदी, धरणाच्या काठी कॅम्प असूनही.

युनिफॉर्म लगेच घेऊ नका. प्रवेशाची तयारी व्हायला काही महिने जातात, तोवर साध्या टी-शर्टवर चालतं, स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) तर दीक्षाविधीलाच मिळतो, आधी घालता येत नाही. शर्ट एक साईज मोठा घ्या, बॅज शिवून घेताना हातशिलाईच करा कारण पुढच्या सोपानला तो उसवून दुसरा लावावा लागतो, मशीनने मारला तर कापडासकट येतो. लहान मापं दुकानात जून-जुलैत संपतात, ग्रुपवर विचारा, मोठ्या मुलांचे जुने मिळतात. बूट शाळेचे काळे चालतात. आणि डिकीत एक मीटर दोरी ठेवा.